फॅट फेस
फॅट फेस : रोमन लिपीतील अतिठळक सेरिफ (दांड्यांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेल्या) अक्षरवळणांचा एक वर्ग. उभ्या दांड्यांची जाडी आणि जोडरेषांचा बारीकपणा यांतील टोकाचा भेद हे त्याचे मुख्य लक्षण होय. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लंडनच्या टाइप फाउंड्रींमध्ये (छपाईची अक्षरे ओतणाऱ्या कारखान्यांत) हा वर्ग आकाराला आला, आणि त्याच्या निर्मितीचे श्रेय बहुधा रॉबर्ट थॉर्न यांना दिले जाते.

पॅरिसमध्ये फर्मँ दिदो आणि पार्मा येथे जांबात्तिस्ता बोदोनी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेली अक्षरे हे त्याचे पूर्वज होत. गुळगुळीत कागद आणि सुधारलेली छपाई यांमुळे केसाएवढी बारीक रेघही न तुटता उमटू लागली होती. बोरूच्या तिरक्या धारेचा माग या अक्षरांतून जवळजवळ पुसला गेला, जाडीचा अक्ष (गोल अक्षरांतील जाड भाग ज्या दिशेने कलतो ती रेषा) उभा झाला आणि सेरिफ म्हणजे दांड्याला काटकोनात टेकलेली सरळ रेघ उरली. लंडनच्या कारागिरांनी यातील दांडे फुगवत उंचीच्या एक तृतीयांशाहूनही जाड केले, परंतु बारीक रेघा होत्या तशाच राखल्या. फॅट फेसचा सारा प्रभाव या न वाढवलेल्या रेघांत आहे. त्याही जाड केल्या असत्या, तर अक्षर नुसतेच अवजड दिसले असते.

दांडे वाढले की अक्षराच्या पोटातील पोकळी आक्रसते आणि कधी तिची उभी फट होते. त्यामुळे येथे काळ्या भागाइतकाच पांढरा भागही रेखावा लागतो. लहान ‘ए’ व ‘आर’ यांच्या टोकांचे गोल थेंब आणि अंकांचे डौलदार बाक यांमुळे या वळणाला काहीसा नाटकीपणा येतो. तत्कालीन जाणत्या मुद्रकांना तो रुचला नाही, पण लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिरातींना नेमका तोच हवा होता. मोठ्या आकाराचे शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जड व महाग पडत. १८२७ मध्ये डॅरियस वेल्स यांनी अमेरिकेत लाकडी खिळे यंत्राने कोरण्याची रीत आणल्यावर भित्तिपत्रकांवरील अक्षरे मोठी होण्यातील ही अडचण दूर झाली.

विसाव्या शतकात मॉरिस फुलर बेंटन यांचे ‘अल्ट्रा बोदोनी’ (१९२८) आणि चॉन्सी ग्रिफिथ यांचे ‘पोस्टर बोदोनी’ (१९२९) यांनी या वर्गाला पुन्हा चलन मिळवून दिले. टाइपटुगेदर या संस्थेचा ‘अब्रिल फॅटफेस’ (२०११) हा फाँट संकेतस्थळांच्या मथळ्यांसाठीही वापरला जातो.

मथळे, मुखपृष्ठे, भित्तिपत्रके, बोधचिन्हे आणि वेष्टने हे याचे खरे क्षेत्र आहे. सलग मजकुरासाठी मात्र तो निरुपयोगीच म्हणावा लागेल. ओळीभर दांड्यांचे काळे पट्टे डोळ्यांपुढे चमकत राहतात आणि लहान आकारात बारीक रेघा नाहीशा होऊन अक्षराचे तुकडे दिसू लागतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापताना शाई पसरून याच रेघा प्रथम बुजतात. म्हणून काही अक्षरकुटुंबांत (एकाच वळणाच्या फाँटसंचांत) निरनिराळ्या आकारांसाठी कमी-अधिक जाडीच्या जोडरेषांच्या स्वतंत्र आवृत्त्या रेखलेल्या असतात, आणि मथळ्याची आवृत्ती नुसती लहान करून उपशीर्षकाला वापरणे टाळले जाते.