प्रादेशिक योजना आणि लोकसल्ला (कोकण)

एखादा जिल्हा किंवा काही तालुके मिळून होणाऱ्या प्रदेशातली जमीन पुढची साधारण वीस वर्षे कशासाठी वापरायची, हे ठरवणारा कायदेशीर आराखडा म्हणजे प्रादेशिक योजना. महाराष्ट्रात ती ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ अन्वये तयार होते. शेती, वने, वस्ती, उद्योग, रस्ते, बंदरे यांची क्षेत्रे नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली असतात. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एक नियोजन प्रदेश आहे. रायगडची योजना वेगळी असून पनवेल, उरण आणि पेण-अलिबागचा काही भाग मुंबई महानगर प्रदेशाच्या योजनेत येतो. किनाऱ्यावर याखेरीज किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू असते (आधी १९९१ ची, तिच्या जागी २०११ ची, मग २०१९ ची).

कोकणच्या जमिनीचे तुकडे एकमेकांवर अवलंबून असतात, आणि नकाशाची खरी अडचण इथेच आहे. खालच्या मळ्यातल्या भातशेतीला वरचे वरकस, म्हणजे उतारावरची हलकी, गवत-झाडोऱ्याची जमीन लागते. पावसाआधी तरव्याच्या (भाताची रोपे करण्याच्या) जागी शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, गवत आणि माती यांचे थर देऊन ते जाळतात, ती भाजावळ. ती कवळ आणि ते गवत वरकसातूनच येते. त्याहून वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. सातबाऱ्यावर तो बहुधा ‘पड’ किंवा ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य) असतो आणि योजनाकाराला मोकळी, स्वस्त, कोणाच्या पोटावर पाय न देता घेता येणारी जागा वाटतो. प्रत्यक्षात पावसाळ्यात तिथे गुरे चरतात, खळग्यांतल्या पाण्यावर रानफुलांचे गालिचे पसरतात आणि जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना पुरते. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी ही त्यांतली काही ठिकाणे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. सड्याला पडीक म्हणणे ही कोकणच्या नियोजनातली सर्वांत महाग पडलेली चूक आहे.

खाजणांची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींची गोष्ट निराळी. पेण-अलिबागकडे बांध घालून खाडीचे पाणी अडवले आणि भातशेती केली. उधाणाने बांधाला खांड पडून ती वेळेत बुजवली नाही, तर खारे पाणी शिरते आणि काही वर्षांत तिवरे (खारफुटीची झाडे) उगवतात. मग तीच जागा सातबाऱ्यावर भातजमीन राहते आणि किनारा नियमनाच्या नकाशावर तिवरांचे संरक्षित क्षेत्र होते. दोन्ही कागद खरे असतात. बांध कधी आणि का फुटला, हे फक्त गावाला माहीत असते.

वस्तीचेही असेच. कोकणातले गाव एका जागी दाटलेले नसते, ते वाड्या-वाड्यांत पसरलेले असते, आणि कित्येक वाड्या मोजणीच्या गावठाणाबाहेर (वस्तीसाठी नोंदलेल्या जागेबाहेर) आहेत. त्यामुळे गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीला मिळणारी बिनशेती वापराची (घर वगैरे बांधण्याची) सवलत देशावरच्या गावाला जितकी उपयोगी पडते, तितकी इथे पडत नाही.

लोकसल्ल्याची कायद्यातली वाट साधी आहे. प्रादेशिक नियोजन मंडळ प्रारूप प्रसिद्ध करते, हरकती व सूचनांसाठी किमान चार महिने देते, समिती सुनावणी घेते आणि अंतिम मंजुरी राज्य सरकार देते. म्हणजे लोकांना विचारले जाते ते नकाशा रंगवून झाल्यावर. प्रदेशाचा नकाशा बहुतेक गावकऱ्यांनी पाहिलेलाही नसतो. त्यांची नियोजनाशी पहिली गाठ पडते ती एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत, २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार. तोवर जागा ठरलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणार परिसरातल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली, ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले आणि मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली. सड्याचा वापर काय, हा प्रश्न योजनेच्या टेबलावर आधी आला असता, तर तो रस्त्यावर इतक्या कडवटपणे आला नसता.

आधी विचारण्याचे प्रयत्नही झाले आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा ग्रामसभांशी चर्चा करून पक्क्या कराव्यात, असे सुचवले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या काही ग्रामसभांनी तर आपण होऊन समावेशाची मागणी केली होती. ती पद्धत पुढे नेली गेली नाही. शेजारच्या गोव्यात जनआंदोलनानंतर २००७ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मागे घेतला गेला आणि ‘आराखडा २०२१’ करताना गावपातळीवर नकाशे तपासून घेण्यात आले. कोकणासाठी हा सर्वांत जवळचा धडा आहे, जरी तो आराखडाही पुढे स्थगितीत अडकला. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर प्रशासनाने शेतकऱ्यांचे मतदान घेतले. जमिनीच्या प्रश्नावर असा थेट कौल क्वचितच घेतला जातो.

कोकणात कोणाला विचारायचे, हाही अवघड प्रश्न आहे. एकेका सातबाऱ्यावर चुलत-चुलत सहहिस्सेदारांची लांबलचक यादी असते आणि त्यातले निम्मे-अधिक मुंबई-ठाण्यात. गावात राहून जमीन कसणाऱ्याचे नाव कधी सातबाऱ्यावर नसतेच. आंबोली, गेळे, चौकुळ इथे कबुलायतदार-गावकर (गावाच्या सामाईक कब्जातल्या) जमिनींच्या मालकीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला. हरकतींची मुदत कधी चालू झाली आणि कधी संपली, हे चाकरमान्यांना पुष्कळदा कळतही नाही. ते गावात भेटतात शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. मुंबईतल्या ग्राममंडळांना नोटीस देणे आणि मराठी नकाशा वाडीवार सर्व्हे नंबरांसह ग्रामपंचायतीत लावणे, एवढ्यानेही हरकतींचा दर्जा बदलेल.

२०२४ मध्ये राज्य सरकारने कोकण किनाऱ्यावरच्या १३ विकास केंद्रांतील १०५ गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. अशा क्षेत्रात नियोजनाचा अधिकार प्राधिकरणाकडे जातो. १९६६ च्या अधिनियमात प्रारूप ग्रामसभेपुढे मांडण्याचे बंधन नाही. हरकत नोंदवायची ती प्रत्येकाने आपली आपण, मुदतीच्या आत, लेखी.