पांझरेच्या काठचे फड

धुळे जिल्ह्यातलं पांझरेचं खोरं पर्जन्यछायेत येतं. वर्षाकाठी पाऊस जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर. तरीही पांझरा आणि शेजारच्या मोसम, आरम या नद्यांच्या काठी ऊस पिकायचा, कारण 300-400 वर्षं इथे फड पद्धत, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यांचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची रीत, नांदत होती.

नदीवर टप्प्याटप्प्याने दगड-चुन्याचे बुटके बंधारे. पूर त्यांच्यावरून निघून जातो. पावसाळा सरला की बारीक झालेला प्रवाह पाटात वळतो. पुढे सगळं उताराच्या जोरावर. वरच्या शेतांत मुरलेलं पाणी झिरपून नदीत परत येतं आणि खालच्या बंधाऱ्याला मिळतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती जमिनीची आखणी. भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडत आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक घेत. उसाला वर्षभर पाणी लागतं, हरभऱ्याचं एक-दोन पाण्यांवर भागतं. दोन्ही शेजारी असली तर एका उसासाठी चारी (शेतात पाणी नेणारा छोटा पाट) सतत वाहती ठेवावी लागते, पाणी वाटेत जिरतं आणि हरभऱ्याचं रान विनाकारण ओलं राहतं. पीक एकच असलं की सगळा फड एकदम भिजतो आणि चारी बंद होते. पुढे ऊस दुसऱ्या फडात जातो, आधीच्या जमिनीला उसंत मिळते आणि ती पाणी साचून नापीक, म्हणजे चिबड, होत नाही.

साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची एकेक पट्टी प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा सगळ्यांना सारखाच. पाणी मालकाने स्वतः घ्यायचं नाही. ते गावाने नेमलेला पाटकरी देई, राखणीला जागल्या असे आणि दोघांचा मेहनताना धान्यात ठरे. इतकं पारदर्शक पाणीवाटप आजच्या कालव्यांवरही मला क्वचितच दिसतं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पांझरेच्या खोऱ्यातल्या पाटासाठी नळाचा सायफन (पाटाचं पाणी वाटेतल्या अडथळ्यापलीकडे नेणारा बंद नळ) बांधणं हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. तिच्यातही ठरावीक गटांत पाणी आणि पिकांची फेरपालट होती. फडाशी तिचं साम्य मला उघड दिसतं.

विहिरींवर मोटारी बसल्या आणि काय पेरायचं हे ज्याचं तो ठरवू लागला. वर धरणं झाली, उपशाने भूजल खोल गेलं. त्यामुळे हिवाळी-उन्हाळी प्रवाह घटला आणि बरेच बंधारे शाबूत असूनही त्यांच्या पाटांत वळवायला पुरेसं पाणी राहिलं नाही.