दुष्काळाला तारीख नसते

फेब्रुवारी १९४९. अमेरिकेतल्या तीसेक हजार खपाच्या एका दैनिकात वृत्तसंस्थांच्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाने आठवडाभर एक जादा काम केलं. टाकून दिलेला एकही कागद त्याने केराच्या टोपलीत जाऊ दिला नाही. रोज काम आटोपलं की प्रत्येक कागदावर तो नाकारण्याचं कारण लिहायचा. हे त्याच्याकडून करून घेतलं डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाने, आणि संपादकाचं नाव झाकून त्याला ‘मिस्टर गेट्स’ म्हटलं.

आलेल्या मजकुरापैकी जेमतेम दहावा हिस्सा छापला गेला होता. कारणांमध्ये ‘जागा नाही’ वारंवार येतं. पण ‘आत्महत्यांच्या बातम्या मला आवडत नाहीत’ अशा थाटाचे शेरेही आहेत! आपण हे वाचून हसतो. पण वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

‘गेट’ची, म्हणजे काय आत सोडायचं ते दारावरचा माणूस ठरवतो, ही कल्पना मुळात स्वयंपाकघरातली. बाजारातला जिन्नस ताटात पडेपर्यंत किती दारं ओलांडतो आणि प्रत्येक दारावर कोण उभं असतं, हे कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तपासलं होतं. बातमीचा प्रवासही असाच असतो, हे त्यानेच सुचवलं.

मात्र सगळा दोष दारावरच्या माणसावर टाकणं सोपं आहे. आयसेन्सी आणि स्ट्रॉमबर्ग या अर्थतज्ज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती घेतल्या आणि त्यांतल्या कोणत्या अमेरिकी टीव्हीच्या बातम्यांत आल्या ते पाहिलं. ज्वालामुखीत एक माणूस दगावला, तर तितकीच दखल घेतली जाण्यासाठी अन्नटंचाईत सुमारे ४०,००० माणसं मरावी लागतात, असा त्यांचा हिशेब निघाला. ऑलिंपिक चालू असेल तर आपत्तीला एरवीच्या तिप्पट बळी द्यावे लागतात. एवढ्यावर भागत नाही. बातमी न आलेल्या आपत्तीला अमेरिकी सरकारची मदत मिळण्याची शक्यताही कमी होते.

या दुर्लक्षाचं कारण क्रूरपणा नव्हे, घड्याळ आहे. ज्वालामुखी मंगळवारी दुपारी फुटतो. बुधवारच्या अंकात तो बसतो. अन्नटंचाई किंवा दुष्काळ मात्र कुठल्याच मंगळवारी घडत नाही. विहीर आटते, जनावरं बाजारात जातात, कुटुंब गाव सोडतं. यातलं कशाला ‘आज’ म्हणायचं? कालच्यापेक्षा आज काही वेगळं घडलं नाही, म्हणजे बातमी नाही. १९६५ साली नॉर्वेतल्या वर्तमानपत्रांचा अभ्यास करताना गाल्टुंग आणि रूगे या अभ्यासकांनी हेच नियम म्हणून मांडलं होतं: घटनेचा वेग आणि अंकाचा वेग जितका जुळेल, तितकी दार उघडण्याची शक्यता जास्त.

फॅशन शोचा वेग बरोब्बर जुळतो. वेळापत्रक आधीच छापलेलं असतं, प्रकाशयोजना तयार असते. २००६ साली मुंबईतल्या एका फॅशन वीकला ५१२ पत्रकार हजर होते, अशी नोंद ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी केली आहे. त्याच काळात विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मंचावर मिरवले जात होते ते सुती कपडे, आणि विदर्भात मरत होते ते कापूस पिकवणारे.