रिव्हर्ब पेडलमधील ऑप-अँप आणि टोन : पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात गिटारचा घुमारा (रिव्हर्ब) ॲम्प्लिफायरच्या तळाशी बसवलेल्या स्प्रिंगांच्या पेटीतून येत असे. ती पेटी छोट्या पेडलमध्ये मावणे कठीण होते, त्यामुळे पेडलच्या घरगुती बांधणीला खरा वेग आला तो तैवानी बनावटीच्या पीटी२३९९ या स्वस्त एको चिपमुळे. अशा तीन चिप एकत्र बसवलेले बंद मॉड्यूल मिळू लागले आणि स्प्रिंगच्या जागी ५ व्होल्टवर चालणारा ठोकळा सोल्डर करणे शक्य झाले.

मग वाद उरला तो ठोकळ्याभोवतीच्या ऑप-अँपचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपचा, आणि तो गरजेपेक्षा बराच लांबला. टीएल०७२, ४५५८ आणि एनई५५३२ या ऑप-अँपच्या पिनांची रचना एकच असल्याने सॉकेट लावून चिप बदलून पाहण्याची पद्धत पडली. एनई५५३२चा व्होल्टेज नॉइज (चिपची स्वतःची सळसळ) सुमारे ५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ, तर टीएल०७२चा १८. एवढ्यावरच अनेकांनी निकाल देऊन टाकला. पिकअप (तारांचे कंपन पकडणारी गिटारमधील कॉइल) जोडल्यावर मात्र हा आकडा फसवा ठरतो. पिकअपचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) अनुनादाजवळ १०० किलोओहमपर्यंत चढला, तर एनई५५३२चा ०.७ पिकोअँपिअरचा करंट नॉइज एकटाच ७० नॅनोव्होल्टची भर घालतो. शिवाय २०० नॅनोअँपिअरचा बायस करंट (इनपुटला लागणारा छोटा स्थिर प्रवाह) १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून वाहिला, की ९ व्होल्टच्या पुरवठ्याचा ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू ०.२ व्होल्टने खाली ओढला जातो. जेफेट (जवळजवळ प्रवाह न घेणारा ट्रान्झिस्टर) इनपुटच्या टीएल०७२ला या दोन्ही अडचणी जवळजवळ नाहीत, म्हणून पहिल्या बफरसाठी, म्हणजे पिकअपवर भार न पडू देणाऱ्या टप्प्यासाठी, तोच घ्यावा. पुढच्या टप्प्यांत फरक शोधणे व्यर्थ, कारण ऐकू येणारी सळसळ बहुतांशी ठोकळ्यातलीच असते.

टोनकडे लक्ष उशिरा गेले. नॉब अखेरच्या आउटपुटवर बसवला, तर मूळ सूरही बोथट होतो; त्यामुळे तो फक्त घुमाऱ्याच्या वाटेवर, मूळ सूर व घुमारा एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या आधी बसवणे रास्त. २.२ किलोओहमचा रेझिस्टर, त्याला जोडून १० किलोओहमचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर) आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास कटऑफ (ज्यावरचे तीव्र सूर कमी होऊ लागतात ती वारंवारता) साधारण ७.२ किलोहर्ट्झपासून १.३ किलोहर्ट्झपर्यंत फिरतो. परंतु पुढे मिक्सरचा रेझिस्टर १० किलोओहमचाच असेल, तर टोन कमी करताना घुमाराही जवळपास निम्म्यावर येतो आणि कटऑफही सरकतो. त्यावर उपाय म्हणजे मिक्सरचा रेझिस्टर १०० किलोओहमचा घेऊन फीडबॅकचा रेझिस्टरही त्याच प्रमाणात वाढवणे, किंवा फिल्टरनंतर आणखी एक बफर देणे. दुसरा पर्याय निवडला, की बोर्डावर दुसऱ्या टीएल०७२ला जागा करावी लागते.