महाधमनीच्या दुर्मीळ विकारांवरील खुली शस्त्रक्रिया (बेळगाव सीमाभाग)

महाधमनी हृदयातून निघून छाती-पोटातून खाली उतरते. तिचे आणि मेंदू, हात, आतडी व मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या तिच्या मोठ्या शाखांचे विरळा विकार छाती किंवा पोट उघडून दुरुस्त करण्याची ही शस्त्रक्रिया आहे. रोगट भाग काढून तिथे पॉलिएस्टरचा ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, शिवतात किंवा अरुंद भागाला वळसा घालणारा बायपास करतात. जांघेतून स्टेंट (आतून आधार देणारी जाळीची नळी) सरकवण्याची सोय आल्यावर उतारवयातल्या नेहमीच्या धमनीविस्फारासाठी, म्हणजे फुगलेल्या धमनीसाठी, ही पद्धत मागे पडली. दुर्मीळ विकारांत मात्र तिची गरज संपलेली नाही, कारण हे रुग्ण बहुधा तरुण असतात आणि त्यांची धमनी लांबवर बिघडलेली असते.

यांतला ताकायासू धमनीदाह बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या डॉक्टरांनी आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांत दिसलेले बदल मांडले, त्यावरून हे नाव पडले. रुग्ण बहुतांशी चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. धमनीची भिंत सुजते, जाड होते आणि आतली वाट अरुंद होते. भारतात पोटातली महाधमनी व मूत्रपिंडाच्या धमन्या यात पुष्कळदा सापडतात, म्हणून रोग पुढे येतो तो उच्च रक्तदाबाच्या रूपाने. पण दंडाकडची धमनीच अरुंद असेल, तर त्या हाताचा बी.पी. खोटा कमी दिसतो. थकवा येतो, चक्कर येते, कामात हात भरून येतो, या तक्रारी मग बाळंतपणाच्या अशक्तपणावर ढकलल्या जातात. दोन्ही हातांची नाडी पाहणे आणि दोन्ही हातांचा, जमल्यास पायांचाही बी.पी. मोजणे गावच्या दवाखान्यातही शक्य आहे. ते टाळू नये.

निदान झाले की लगेच ऑपरेशन, असे इथे चालत नाही. दाह धुमसत असताना घातलेले टाके सुजलेल्या भिंतीत नीट धरत नाहीत. पुढे शिवणीपाशी खोटा फुगा येतो किंवा ग्राफ्टचे तोंड पुन्हा आवळते. आधी स्टेरॉइड व दाह दाबणारी इतर औषधे देऊन रोग शांत करतात. ई.एस.आर. व सी.आर.पी. या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांचे आकडे उतरले तरी भिंत निवळली याची हमी नसते, त्यामुळे स्कॅनही पाहतात. जीवावर बेतले असेल तरच घाई करतात. मेंदूकडचा बायपास शक्यतो हृदयालगतच्या चढत्या महाधमनीवरून घेतात, कारण हाताकडची धमनी पुढे स्वतःच बंद पडण्याची भीती असते.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषाची बोटे काळी पडली, तर तो बहुधा बर्जरचा आजार असतो. तो लहान व मध्यम धमन्यांचा रोग असून बायपास जोडायला खाली चांगली धमनीच क्वचित उरते. तिथे विडी कायमची सोडणे हाच मुख्य उपचार.

सर्वांत अवघड दुरुस्ती छाती व पोट दोन्हींत पसरलेल्या विस्फाराची. अमेरिकन शल्यविशारद ई. स्टॅन्ली क्रॉफर्ड यांनी १९६० च्या दशकात तिचे तंत्र बसवले. डाव्या बाजूने छातीपासून पोटापर्यंत छेद घेऊन महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लावतात. त्या क्षणी वर हृदयावर भार चढतो आणि खाली आतडी, मूत्रपिंडे व मज्जारज्जू यांचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून पंपाने खालच्या अंगाला रक्त पुरवतात, मूत्रपिंडांत थंड द्रव सोडतात, मज्जारज्जूभोवतीचे पाणी बारीक नळीने काढून दाब उतरवतात आणि बरगड्यांमधल्या महत्त्वाच्या धमन्या ग्राफ्टला जोडतात. एवढे करूनही पाय लुळे पडण्याचा धोका पूर्ण जात नाही. ही गोष्ट रुग्णाला व घरच्यांना मराठीत, वेळ देऊन सांगितली पाहिजे. न समजलेल्या कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिव्हिल हॉस्पिटलही वैद्यकीय शिक्षणाशी जोडलेले आहे. तरी अशा शस्त्रक्रियेला अनुभवी चमू, पंप आणि रक्तपेढी एका छताखाली लागतात, त्यामुळे बेंगळुरू, पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आणि कर्नाटकाने त्याला विरोध केला. दोन राज्यांच्या योजनांमध्ये रुग्णाचे दिवस जाणे हे फुगलेल्या धमनीला परवडणारे नाही. कोणत्या योजनेत कोणते ऑपरेशन बसते, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. सी.टी. अँजिओग्राफीचा (धमन्यांच्या स्कॅनचा) नुसता अहवाल नव्हे, तर चित्रांची सीडीही सोबत न्यावी.

मार्फान विकारात दोष जन्मजात असतो. उंच शरीर, लांब बोटे, डोळ्यातले भिंग सरकलेले आणि महाधमनीचे मूळ फुगलेले, अशी त्याची लक्षणे. मुळाचा व्यास साधारण ५ सें.मी. झाला की, फाटण्याची वाट न पाहता, ते बदलतात. झडपेसह ग्राफ्ट बसवण्याची पद्धत बेंटाल व डी बोनो या शल्यविशारदांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाचे निदान झाले की आईवडील, भावंडे व मुले यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, आणि विकार असलेल्या स्त्रीची तपासणी गर्भधारणेच्या आधीच करून घेतात.