हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, गुलमर्ग

अतिउंच पर्वतांत आणि बर्फात लढण्याचे प्रशिक्षण देणारी भारतीय सेनेची संस्था. ती काश्मीरमधील गुलमर्ग (उंची सु. २,६५० मी.) येथे असून सेनेत ‘हॉज’ या नावाने ओळखली जाते.

संस्थेचा जन्म पाकिस्तानशी झालेल्या १९४७-४८ च्या युद्धातून झाला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी मेजर जनरल के. एस. थिमय्या यांनी काश्मीर आणि लडाखला जोडणाऱ्या झोजी ला खिंडीपर्यंत स्टुअर्ट रणगाडे चढवून शत्रूची फळी फोडली. खिंड हाती आली, तरी हिवाळाभर बर्फात टिकून लढणारे सैनिक तयार करण्याचे काम उरलेच होते. त्याच डिसेंबरमध्ये त्यांच्या १९ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनची स्कीइंग शाळा गुलमर्गला सुरू झाली. एप्रिल १९६२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. चीनशी युद्ध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेटले आणि पुरेसे कपडे नसलेल्या, विरळ हवेची सवय न झालेल्या तुकड्यांचे काय होते, ते देशाने पाहिले.

वर्षाचे दोन हंगाम, तसे अभ्यासक्रमही दोन. उन्हाळ्यात सोनमर्गला कडे चढणे, दोर लावणे, जखमीला कड्यावरून खाली आणणे आणि थाजिवास हिमनदीवर बर्फचढाई. हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग, हिमकड्यांचा अंदाज घेणे आणि बर्फाखाली गाडल्या गेलेल्यांची सुटका. सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. घाईने चढलेल्या धडधाकट जवानाच्याही फुप्फुसांत पाणी होऊ शकते. म्हणून ९,००० फुटांपासून पुढे तीन टप्प्यांत, मुक्काम करत शरीर सरावण्याची शिस्त सेनेत सक्तीची आहे. तरुण अधिकाऱ्यांना ती मोडण्याचा मोह होतो. संयम हाही इथल्या नेतृत्वशिक्षणाचा भाग मानायला हवा.

नेतृत्वाचा प्रश्न डोंगरात वेगळाच होतो. मैदानात हल्ल्यासाठी तिप्पट बळ पुरेसे धरतात, डोंगरात ते सहा ते नऊपट लागते. पण अरुंद धारेवर प्रत्यक्षात मूठभर माणसेच पुढे जाऊ शकतात. दोरावर पहिला चढतो तो बहुधा हुद्द्याने लहान असतो, आणि त्याचा निर्णय मागच्या अधिकाऱ्याला मानावा लागतो. जुलै १९९९ मध्ये कारगिल युद्धात टायगर हिलच्या कड्यावर १८ ग्रेनेडियर्स पलटणीच्या ‘घातक’ (निवडक हल्लेखोर जवानांच्या) प्लॅटूनपुढे दोर लावत चढलेले योगेंद्रसिंह यादव साधे ग्रेनेडियर होते, वय १९. या शाळेत अधिकाऱ्यांबरोबर जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) आणि हवालदार-नायकही शिकतात, उस्तादांच्या (प्रशिक्षकांच्या) हाताखाली घाम गाळतात आणि परत जाऊन आपापल्या पलटणीला शिकवतात. एव्हरेस्टवीर घडवण्यापेक्षा हे काम मोठे आहे.

गिर्यारोहणाचा मान मात्र शाळेला मिळालाच. हिमदंशाने पायाची बोटे गमावलेले कर्नल नरेंद्र ‘बुल’ कुमार येथे कमांडंट होते. १९७८ साली त्यांनी सियाचीनवर मोहीम नेली. पाकिस्तानच्या परवानगीने परदेशी गिर्यारोहक तिथे येतात, याचे पुरावे त्यातून मिळाले आणि सियाचीन ताब्यात घेणाऱ्या एप्रिल १९८४ च्या ‘ऑपरेशन मेघदूत’ला आधार झाला. सियाचीनवर जाणाऱ्या तुकड्यांसाठी आता तळछावणीवर वेगळी बॅटल स्कूल आहे.

हे प्रशिक्षण स्वतःच जोखमीचे असते. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला शाळेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमकडा कोसळून १७ जवान मृत्युमुखी पडले.