गस्सान-तोदा: डोंगरी किल्ला आणि इझुमोचे लोखंड

जपानमधील शिमाने प्रांतात, यासुगी शहराच्या हिरोसे भागात, इइनाशी नदीच्या काठी गस्सान-तोदा या डोंगरी किल्ल्याचे अवशेष आहेत. जपानी किल्ला म्हटले की पांढऱ्या भिंतींचा बहुमजली मनोरा डोळ्यांसमोर येतो. येथे तसे काहीही नाही. डोंगर तोडून काढलेल्या सपाट्या, दगडी तटाचे काही भाग आणि बालेकिल्ल्याकडे चढणारी ‘शिचिमागारी’, म्हणजे सात वळणांची खडी वाट, एवढेच पाहायला मिळते. उंचीही 200 मीटरांहून कमीच. तरीही सोळाव्या शतकात पश्चिम जपानचे राजकारण काही काळ या डोंगराभोवती फिरत होते.

1486 साली सरदार आमागो त्सुनेहिसा याने हा किल्ला परत मिळवला आणि येथूनच आमागो घराण्याचा विस्तार सुरू झाला. 1542-43 मध्ये प्रतिस्पर्धी सरदार ओउची योशिताकाने मोठे सैन्य आणून वेढा घातला, पण त्याला हात हलवत परतावे लागले. पुढे दुसरा प्रतिस्पर्धी सरदार मोरी मोतोनारीने वेगळा मार्ग धरला: त्याने आधी रसद तोडली, मग गड उपासमारीला आणला आणि 1566 च्या अखेरीस आमागो योशिहिसाने शरणागती पत्करली. या घराण्याचा सेवक यामानाका शिकानोसुके मात्र धन्याचे राज्य परत मिळवण्यासाठी 1578 मध्ये मारला जाईपर्यंत झगडत राहिला. ‘मला सात संकटे आणि आठ यातना दे’ असे त्याने चंद्रकोरीकडे मागितल्याची आख्यायिका आहे, आणि हात जोडलेला त्याचा पुतळा आज किल्ल्यावर उभा आहे.

या शौर्यकथेत आमागोंच्या बळाचे एक मोठे कारण झाकले जाते, ते म्हणजे लोखंड. इझुमोच्या, म्हणजे हा किल्ला ज्या जुन्या प्रांतात होता त्याच्या, डोंगरांत झिजून भुसभुशीत झालेला ग्रॅनाइट आहे आणि त्यात लोहयुक्त काळी वाळू मिसळलेली असते. डोंगर खणून ती माती पाटाच्या पाण्यात सोडली की हलकी रेती वाहून जाते आणि जड लोहवाळू तळाशी बसते. या पद्धतीने लोखंड मिळाले, पण वाहून गेलेल्या गाळाने नद्यांची पात्रेही उथळ झाली. 1600 नंतर इझुमो होरिओ घराण्याकडे गेले. त्यांनी मात्सुए येथे नवा किल्ला बांधून 1611 च्या सुमारास राजधानी हलवली. मागे राहिलेले तोदाचे गाव 1666 च्या महापुरात वाळूखाली गाडले गेले.

लोखंडाची परंपरा मात्र टिकली. लोहारांची देवता कानायागो हिचे मुख्य देवस्थान याच हिरोसे परिसरात आहे. (नावसाधर्म्यामुळे एक घोटाळा नेहमी होतो: तलवारकारांचे प्रसिद्ध गस्सान घराणे उत्तरेकडील देवा प्रांतातल्या गस्सान पर्वताचे, या किल्ल्याचे नव्हे.) 1876 मध्ये तलवार लावून फिरण्यावर बंदी आली, स्वस्त विलायती पोलाद बाजारात आले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘तातारा’ नावाच्या पारंपरिक भट्ट्या विझत गेल्या. तलवारींसाठी लागणारे पोलाद मिळेनासे झाल्यामुळे जपानी कलातलवारींचे जतन करणाऱ्या संस्थेने 1977 साली शेजारच्या ओकुइझुमोत ही भट्टी पुन्हा पेटवली.

तेथे आजही हिवाळ्यात मातीची भट्टी बांधून तिच्यात तीन दिवस, तीन रात्री लोहवाळू आणि लाकडी कोळसा आळीपाळीने टाकला जातो. साधारण 10 टन वाळूला 12 टन कोळसा लागतो. ‘मुरागे’ म्हणजे भट्टीचा मुख्य कारागीर ज्वाळेच्या रंगावरून आतल्या धातूची अवस्था ओळखतो. शेवटी भट्टी फोडून सुमारे अडीच टनांचा तापलेला गोळा बाहेर ओढतात. त्यातले उत्तम पोलाद, म्हणजे ‘तामाहागाने’, निवडून परवानाधारक तलवारकारांना दिले जाते. तलवारकार ते तापवून, ठोकून पातळ पत्रा करतो, पाण्यात विझवतो आणि तुकडे पाडतो. तुकड्याच्या तुटलेल्या कडेची चकाकी पाहून कोणता पात्याच्या कठीण बाहेरच्या थराला लावायचा आणि कोणता मऊ गाभ्याला, हे तो ठरवतो.